ठसक्याचा इतिहास



आज हिशेबाची वही नाही, कर्जाचा हप्ता नाही, विम्याचा अर्जही नाही. आज ठसक्याची गोष्ट सांगायची आहे. हसू नका. ठसका म्हणजे काय, हे शोधायला जगातल्या हुशार माणसांना शंभरहून जास्त वर्षं लागली. आणि ती गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातून निघून थेट भोपाळपर्यंत जाते.

आधी एक कोडं घालतो. लोणच्यासाठी मोहरी फेसायला घेतली की नाकातून टाळूपर्यंत कळ जाते. मसाल्यासाठी मिरची भाजायला घेतली की आळीतली सगळी माणसं खोकत बाहेर येतात. पावसाळ्यात ओली लाकडं चुलीत घातली की डोळ्यांना धारा लागतात. मोहरी वेगळी, मिरची वेगळी, लाकूड तर त्याहून वेगळं. मग शरीर तिन्हीला जवळपास एकच उत्तर का देतं? डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, खोकला, घशात आवळल्यासारखं. विष तर त्यात दिसत नाही, जखम तर झालेली नाही. मग ही आरडाओरड कोण करतं?

दृष्ट काढायची आपली रीत आठवा. मीठ, मोहऱ्या, मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या. ठसका लागला नाही तर जुन्या बाया म्हणतात, "केवढी दृष्ट लागली होती बघ." रीत खरी की खोटी हा आजचा विषय नाही. आम्हाला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मिरचीचा तिखटपणा आणि जळत्या तेलबियांचा धूर शरीराच्या दोन वेगवेगळ्या दारांवर धडका देतात, आणि आपल्या आज्यांनी त्या दोन्ही वस्तू एकाच मुठीत धरल्या होत्या. ती दोन दारं कोणती, ते आता बघू.

मिरची आपली नाही, हे तुम्हाला माहीत असेल. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या बाजूने आपल्याकडे आली. त्याआधी तिखट म्हणजे मिरे, आणि मिऱ्यावरूनच तिला मिरची हे नाव पडलं. तीच मिरची युरोपात हंगेरी नावाच्या देशातही रुजली. तिथलं सेगेद हे शहर मिरचीसाठी प्रसिद्ध आहे, आपल्याकडे ब्याडगी आहे तसं. आणि मिरची झोंबते म्हणजे नक्की काय होतं, याचा पाठलाग मुख्यतः त्याच शहरात झाला. जिथे पीक तिथेच प्रश्न पडणार, नाही का?

तिथे मिक्लोश यांचो नावाचे एक औषधशास्त्रज्ञ होते. १९४० च्या दशकात त्यांच्या लक्षात एक चमत्कारिक गोष्ट आली. मिरचीतला तिखट अंश काढून तो प्राण्यांना पुन्हापुन्हा दिला, की काही काळाने त्यांच्या डोळ्यांत झोंबणारं काहीही घातलं तरी ते डोळे मिटेनात. डोळ्याला नुसता स्पर्श केला की मात्र लगेच मिटत होते. म्हणजे डोळा आंधळा नव्हता, बधिरही नव्हता. फक्त झोंबण्याची खबर नेणाऱ्या नसा गप्प झाल्या होत्या. स्पर्शाच्या नसा वेगळ्या, झोंबण्याच्या वेगळ्या, हे त्यातून उघड झालं.

मिक्लोश यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी अरांका यांचो-गाबोर याही प्रयोगशाळेत काम करत होत्या. दोघांनी आणि त्यांचे सहकारी यानोश सोल्चान्यी यांनी पुढचा प्रश्न धरला. कातडीला मोहरीचं उग्र तेल लावलं की ती लाल होते, सुजते. ही सूज तेलाने भाजल्यामुळे येते, असं कुणालाही वाटेल. त्यांनी त्या जागेची नस आधी तोडली, ती मरू दिली, आणि मग तेल लावलं. सूज आलीच नाही. म्हणजे सूज आणत होती ती नस. झोंबल्याबरोबर नस मेंदूला खबर तर देतेच, पण त्याच वेळी आपल्या टोकातून काही रसायनं सोडते. त्यामुळे आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात आणि पाझरतात. मिक्लोश १९६६ साली वारले. हा लेख १९६७ साली, त्यांच्या माघारी छापून आला, अरांकाबाई आणि सोल्चान्यी यांच्या नावांसह.

हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे चुलीपाशी त्याची गरज पडेल.

पण नसेला कळतं कसं, हा प्रश्न तीस वर्षं तसाच राहिला. आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. प्रत्येक पेशीला भिंत असते, आणि भिंतीत अगदी बारीक दारं असतात. ती दारं प्रथिनांची असतात, डाळीत असतात त्याच जातीच्या पदार्थाची. एरवी दार बंद. योग्य इशारा मिळाला की दार उघडतं, बाहेरचे कॅल्शियम आणि सोडियमचे कण आत घुसतात, त्याने विजेसारखी एक लहर उठते आणि नसेतून मेंदूपर्यंत धावते. डोळ्याचं पापणीला, घशाचं छातीला कळतं ते असं. अशा दाराला शास्त्रात ग्राही म्हणतात. आपण दारच म्हणू.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस नावाच्या शास्त्रज्ञांना मिरचीचं दार शोधायचं होतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या वेदना नेणाऱ्या नसांतल्या जनुकांचे हजारो तुकडे घेतले. जनुक म्हणजे दार कसं बनवायचं याची कृती लिहिलेली चिठ्ठी. मिरचीचं काहीच न वाटणाऱ्या साध्या पेशी घेऊन त्यांत या चिठ्ठ्या गट पाडून घातल्या, वरून मिरचीचा अंश टाकला, आणि कोणती पेशी दचकते ते बघत बसले. धान्यातला खडा शोधण्यासाठी आपण सूप भरून पाखडतो, मग अर्ध्याचं अर्धं करत जातो, तशीच ही रीत. शेवटी एक चिठ्ठी हाती लागली. १९९७ साली त्यांनी ते जाहीर केलं. आज त्या दाराला ट्रिप-व्ही-वन म्हणतात.

गंमत म्हणजे हेच दार साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही उघडतं. आपण मिरची खाल्ली की "तोंडाची आग झाली" म्हणतो. ते नुसतं बोलणं नव्हे. मेंदूला खरोखर तीच खबर जाते, कढत चहाने जीभ पोळल्याची. आणि पोपट मिरच्या चावून खातो ना, त्याचंही उत्तर मिळालं. पक्ष्यांमध्ये या दाराची घडण थोडी वेगळी असते, त्यामुळे मिरचीच्या अंशाने ते उघडत नाही. पोपट शूर नाही, त्याला लागतच नाही!

आता दुसरं दार, आणि आमच्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते. २००४ साली ज्युलियस यांच्याच प्रयोगशाळेतून मोहरीचं दार जाहीर झालं. आज त्याला ट्रिप-ए-वन म्हणतात. मोहरीचा कोरडा दाणा झोंबत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तो वाटून पाण्यात फेसला की त्यातले दोन पदार्थ एकमेकांना भेटतात आणि तिसरा उग्र पदार्थ तयार होतो. तो हे दार उघडतो. पुढच्या वर्षी कळलं की ठेचलेल्या लसणाचा उग्रपणाही याच दाराने आत येतो. त्याच सुमारास आर्देम पाटापुटियान नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञांचा गटही या दारावर काम करत होता. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक ज्युलियस आणि पाटापुटियान या दोघांना मिळालं, शरीराला उष्णता आणि स्पर्श कसे कळतात ते शोधल्याबद्दल.

पण मोहरी, लसूण, धूर हे पदार्थ एकमेकांसारखे नाहीत. एकाच कुलपाला इतक्या वेगवेगळ्या किल्ल्या कशा लागतात?

उत्तर असं निघालं, की या किल्ल्याच नाहीत. मिरचीचा अंश किल्लीसारखा आहे. तो दारातल्या ठरावीक खाचेत बसतो, दार उघडतो आणि निघून जातो. मोहरीचं तसं नाही. तिचं वागणं कुसळासारखं. गवतातून चाललं की कुसळं लुगड्याला चिकटतात. त्यांना लुगड्याचा रंग, काठ, नक्षी काही बघायचं नसतं. धागा दिसला की धरलं. ट्रिप-ए-वन दाराचा काही भाग पेशीच्या आत लोंबतो. त्यावर सिस्टीन नावाचे घटक आहेत आणि त्यांच्या टोकाला गंधक आहे. काही रसायनं स्वभावानेच चिकट, भांडकुदळ असतात. गंधक दिसलं की त्याला जाऊन धरतात आणि रासायनिक गाठ मारतात. गाठ बसली की दार वळतं आणि उघडतं. २००६ च्या अखेरीस आणि २००७ च्या सुरुवातीला दोन वेगवेगळ्या गटांनी हे दाखवून दिलं. सिस्टीनचे ते घटक बदलून टाकले, तर मोहरीला दार जवळपास दाद देईना.

म्हणजे हे दार पदार्थाचा चेहरा बघत नाही, गुण बघतं. जो जिवंत प्रथिनांना धरून बिघडवू शकतो, त्याला ते ओळखतं, मग तो मोहरीतून येवो, धुरातून येवो किंवा कारखान्याच्या टाकीतून. एवढी समज असलेला राखणदार आपल्या डोळ्यांत, नाकात आणि श्वासनळीत बसलेला आहे, आणि आपण मात्र त्याला "नाजूक आहे बाई ती, हिला धूर सोसत नाही" असं म्हणत आलो.

आता चुलीकडे येऊ. लाकूड, गोवऱ्या, काटक्या नीट पेटत नाहीत तेव्हा त्यांच्या धुरात ॲक्रोलिन नावाचा वायू असतो. कढईतलं तेल तापून धुराला आलं की त्यातूनही तो निघतो. एकोणिसाव्या शतकात बर्झेलियस नावाच्या स्वीडनच्या रसायनतज्ज्ञांनी त्याला नाव दिलं, त्याचा अर्थच झोंबरं तेल असा. सिगारेटच्या धुरात तो आहे, गाड्यांच्या धुरात आहे. पहिल्या महायुद्धात तर तो शत्रूवर सोडण्याचं हत्यार म्हणून वापरला गेला. युद्धात ज्याला हत्यार म्हणतात, तो घरात रोज दोन वेळा आपल्या तोंडासमोर असतो. प्रमाण अर्थातच वेगळं, पण वायू तोच.

२००६ साली डायना बाउटिस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रिप-ए-वन दार नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या नसांना ॲक्रोलिनने काही वाटेना. इतर उंदरांना वाटत होतं. धुराचं दार हेच, हे पक्कं झालं. दोन वर्षांनी इटलीतल्या संशोधकांनी सिगारेटच्या धुरावर काम करून दाखवलं की त्यातलं ॲक्रोलिन आणि त्याच्या जातीचे पदार्थ हेच दार उघडून श्वासनळीत सूज आणतात. आठवते ना अरांकाबाईंची ती सूज? नस दचकते आणि स्वतःच सूज आणते. तीच सूज इथे श्वासनळीच्या आत.

आणि ही बायकांची तक्रार डॉक्टरांपर्यंत पोचली नव्हती असं नाही. दिल्लीत डॉ. पद्मावती नावाच्या हृदयतज्ज्ञ होत्या, भारतातल्या पहिल्या महिला हृदयतज्ज्ञ. १९५० च्या दशकात फुफ्फुसाच्या आजारामुळे हृदय थकलेले रुग्ण त्या तपासत होत्या. हा आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा, असं मानलं जायचं. पण त्यांच्याकडे बायकाही तेवढ्याच येत होत्या, आणि त्या काही विड्या ओढत नव्हत्या. पद्मावतींनी चुलीच्या धुराकडे बोट दाखवलं. १९५९ साली ते छापून आलं. सरकारची सुधारित चुलीची योजना आली ती १९८० च्या दशकात, आणि उज्ज्वला गॅसची २०१६ साली. मधल्या वर्षांत किती आज्या त्या धुरात बसल्या, याचा हिशेब कोणत्या वहीत आहे?

आता जड गोष्ट. २ डिसेंबर १९८४ ची रात्र, भोपाळ. युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट नावाचा वायू सुटला, सुमारे चाळीस टन. वस्ती झोपलेली होती. वाचलेल्या लोकांनी नंतर सांगितलेल्या आठवणींत एक गोष्ट पुन्हापुन्हा येते. जाग आली ती खोकल्याने आणि डोळ्यांच्या आगीने, आणि वाटलं की कुणीतरी ढीगभर मिरच्या जाळतंय. एवढ्या रात्री कोण मिरच्या जाळतंय, म्हणत लोक दारं उघडून बाहेर आले, आणि बाहेर तर वायूच होता. हजारो माणसं गेली. लाखोंना तो श्वासात गेला.

पंचवीस वर्षांनी, २००९ साली, अमेरिकेत स्वेन-एरिक जॉर्ड यांच्या गटाने एक संशोधन छापलं. ते भोपाळच्याच उल्लेखाने सुरू होतं. मिथाइल आयसोसायनेट आणि पोलीस वापरतात तो अश्रुधूर, दोन्ही ट्रिप-ए-वन हेच दार उघडतात, असं त्यांनी दाखवलं. दार नसलेल्या उंदरांना त्यांचा त्रास फारच कमी झाला. मोहरीतल्या उग्र पदार्थाचं रासायनिक नाव आयसोथायोसायनेटच्या घराण्यातलं, भोपाळच्या वायूचं आयसोसायनेटच्या. चुलत भावंडंच म्हणा. एकात गंधक आहे तिथे दुसऱ्यात ऑक्सिजन.

म्हणजे त्या रात्री ज्या बाईने "मिरच्या जळतायत" म्हटलं, तिच्या नसांनी तिला बरोबर सांगितलं होतं. मिरचीची आग नेणाऱ्या नसा आणि या वायूची खबर देणाऱ्या नसा बऱ्याच अंशी त्याच आहेत. फक्त ही मिरची नाही, पळायचं आहे, आणि वाऱ्याच्या कोणत्या दिशेला पळायचं आहे, हे तिला सांगायचं काम कारखान्याचं आणि सरकारचं होतं. ते झालं नाही. पुढे त्याच भोपाळच्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघींनी वायुपीडित बायकांची संघटना उभी केली, पायी दिल्लीपर्यंत मोर्चे नेले. २००४ साली त्यांना पर्यावरणाचं गोल्डमन पारितोषिक मिळालं. मोहरीचं दार जाहीर झालं तेच हे वर्ष. दोघींनी ते पैसे पीडितांच्या मुलांवरच्या उपचारांसाठी लावले.

आता आपल्या गटांपुरतं बोलू. मसाला कांडपाचा धंदा अनेक गट करतात. तिथल्या ताया सांगतात, "पहिले दोन महिने त्रास झाला, आता काही वाटत नाही, सवय झाली." हे ऐकलं की आम्हाला सेगेदचे ते प्राणी आठवतात. झोंबणारं औषध त्यांच्या डोळ्यांत होतंच. फक्त खबर नेणाऱ्या नसा गप्प झाल्या होत्या. मिरचीची सवय म्हणजे मिरचीची पूड छातीत जायची थांबली, असं नाही. तोंडाला बांधलेला पदर पुडीचे मोठे कण अडवतो, पण ॲक्रोलिनसारखा वायू त्यातून सरळ जातो. म्हणून भाजायचं काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. चक्कीच्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या. मशीन घेताना कर्जाच्या अर्जात हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याची रक्कमही लिहा, नंतर ती निघत नाही. वडे-भज्यांच्या गाड्यावर तेल धुराला आलं की आच कमी करा. तेच तेल पुन्हापुन्हा तापवलं की ते दर खेपेला लवकर धुराला येतं. चुलीत लाकूड वाळलेलं घाला, आणि रांगतं मूल चुलीपासून लांब ठेवा. त्याची श्वासनळी आपल्या करंगळीपेक्षा बारीक असते, थोड्या सुजेनेही तिथली वाट अरुंद होते.

एक शेवटची गोष्ट राहिली, आणि ती बाळंतिणीच्या खोलीची आहे. आपल्याकडे बाळंतिणीला शेक देतात, बाळाला ओवा-शेपाची धुरी देतात, वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात. निखारे चांगले फुलले, धूर थांबला, डोळे झोंबायचे थांबले, की आपल्याला वाटतं आता काळजी नाही. पण फुललेल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो गंधकाला चिकटून हे दार उघडत नाही, म्हणून त्याचा ठसका लागत नाही. तो थेट रक्तात जातो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि माणूस झोपूनच राहतं. शेक झाला की शेगडी बाहेर अंगणात नेऊन ठेवायची, बाळंतीण आणि बाळ झोपण्याआधी, आणि रात्रभर खिडकीची एक झडप उघडी ठेवायची.